'कमावू शकते' : एका क्रियापदाचा न्यायालयीन प्रवास

घटस्फोटानंतर पत्नीला पतीकडून जे मिळते त्यासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत : पोटगी आणि अन्नवस्त्र. दोन्ही शब्द देहाच्या गरजेपाशी थांबतात. वीस वर्षे घर सांभाळणाऱ्या बाईने त्या वर्षांत काय उभे केले, हा प्रश्न या शब्दांत मावतच नाही. तिने मागायचे ते पोटापुरते. आणि मागणे पोटापुरतेच असेल, तर "मग तू स्वतःच का कमावत नाहीस?" हा प्रश्न ओघानेच येतो. हा प्रश्न आपल्या कायद्यात केव्हा आणि कोणत्या वाटेने शिरला, हे पाहणे उद्बोधक आहे. कायद्याचे वाचन हे साहित्याच्या अध्यापकाचे काम नव्हे, असे कुणी म्हणेल; परंतु येथे सारा खेळ एका सर्वनामाचा आणि एका सहायक क्रियापदाचा आहे.

1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 488वे कलम पाहा. ऐपत असूनही जो मनुष्य पत्नीचे किंवा 'स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ' अशा अपत्याचे पालनपोषण करीत नाही, त्याला ते करायला लावण्याचा अधिकार या कलमाने दंडाधिकाऱ्याला दिला. 'असमर्थ' हे विशेषण येथे अपत्यापुरते आहे. मूळ इंग्रजी वाक्यात त्यासोबत नपुंसकलिंगी सर्वनाम येते, त्यामुळे संदिग्धता उरत नाही. (मराठीतही 'मूल' नपुंसकलिंगीच, हा योगायोग गमतीचा.) पत्नीने आपले असामर्थ्य सिद्ध करावे, अशी अट या वाक्यात नव्हती. हा अर्थात पुरोगामीपणा नव्हे. स्त्री कमावील ही कल्पनाच त्या कायदेकर्त्यांच्या गावी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

1973च्या नव्या संहितेत 488चे 125 झाले आणि तेच विशेषण स्त्रीलिंगी सर्वनाम धारण करून पत्नीच्या मागे येऊन बसले : 'स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असलेली पत्नी'. तोपर्यंत स्त्रिया शिकत होत्या, नोकऱ्या करीत होत्या. तेव्हा हा बदल अकारण होता असे म्हणता येणार नाही. मात्र आता असामर्थ्य हे पात्रतेचे लक्षण ठरले. याच कलमाखाली मिळणाऱ्या रकमेवर दरमहा 500 रुपयांची मर्यादा होती आणि ती 2001पर्यंत टिकली, हेही येथे नोंदवून ठेवू.

1955च्या हिंदू विवाह कायद्याची भाषा याहून निराळी. त्याचे 24वे कलम 'निर्वाहास पुरेसे स्वतंत्र उत्पन्न' आहे की नाही एवढेच विचारते, आणि हा प्रश्न पती-पत्नी दोघांनाही लागू आहे. 25वे कलम उत्पन्न, मालमत्ता आणि पक्षकारांचे वर्तन यांकडे पाहते. 'उत्पन्न' हे नाम आहे; ते असते किंवा नसते. 'मिळवू शकणे' ही शक्यता आहे, आणि शक्यतेला पुरावा लागत नाही, कल्पनाशक्ती पुरते. नामाकडून शक्यतेकडे हा प्रवास न्यायालयांनी घडवला.

त्याचा सर्वाधिक गाजलेला टप्पा म्हणजे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाचा 2000 सालचा निकाल. उच्चशिक्षित, पूर्वी नोकरी केलेल्या पत्नीच्या अर्जावर न्यायालय म्हणाले, की 24वे कलम पोटगीची वाट पाहत बसलेल्या रिकामटेकड्यांची फौज उभी करण्यासाठी नाही. त्या एका खटल्यापुरता हा वैताग समजून घेता येईल. पण या उद्गाराचे पुढे सुभाषित झाले. पतींच्या वकिलांनी तो उद्धृत करावा, न्यायाधीशांनी तो पुन्हा लिहावा, असे चालत राहिले. 2025मध्येही दिल्ली उच्च न्यायालयाने सुशिक्षित पत्नीच्या आळसाला कायदा उत्तेजन देत नाही, अशा आशयाचे मत दिले.

या युक्तिवादात काळ नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे. लग्नाआधी मिळवलेले बी.एड. पंधरा वर्षांनी तेच बी.एड. राहत नाही. सेवाज्येष्ठता गेलेली असते, भरतीची वयोमर्यादा उलटलेली असते. याच पंधरा वर्षांत बदलीच्या गावोगावी बिऱ्हाड हलवून, मुलांच्या शाळा आणि सासऱ्यांची आजारपणे निभावून तिने पतीची कमावण्याची शक्ती मात्र वाढती ठेवलेली असते. 'रिकामटेकडी' या शब्दाने हा सारा हिशेब पुसला जातो.

गंमत अशी, की हाच हिशेब दुसऱ्या दालनात सर्वोच्च न्यायालय मांडत होते. 1989मध्ये जमशेदपूरला एका समारंभात लागलेल्या आगीत अनेक गृहिणींचा बळी गेला. त्यांच्या भरपाईचा निकाल 2001मध्ये लागला आणि गृहिणीच्या घरकामाचे मोल दरमहा 3000 रुपये धरले गेले. 2010मध्ये अशाच एका भरपाईच्या खटल्यात न्यायालयाने जनगणनेवर कठोर टीका केली, कारण तीत गृहिणींना भिकारी व कैदी यांच्यासोबत 'काम न करणाऱ्यां'त मोजले होते. म्हणजे बाई अपघातात गेली तर ती काम करीत होती. जिवंतपणी घटस्फोट मागू लागली तर रिकामी बसली होती.

पोटगीच्या दालनातही सूर हळूहळू बदलला. टाकून दिलेली पत्नी तग धरण्यासाठी जी धडपड करते, ती तिच्याविरुद्ध वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007मध्ये म्हटले. कमावण्याची क्षमता असणे आणि प्रत्यक्ष कमावणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे 2017मध्ये स्पष्ट केले. 4 नोव्हेंबर 2020चा 'रजनीश विरुद्ध नेहा' हा निकाल तर मूळ नागपूरच्या कुटुंब न्यायालयातला. त्यात दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेची प्रतिज्ञापत्रे द्यावीत, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे ठरलेच. शिवाय मुले आणि वृद्ध यांच्यासाठी सोडलेली नोकरी मोजली जावी, खंड पडलेल्या स्त्रीला वाढत्या वयात पुन्हा काम मिळणे अवघड असते, असे प्रथमच इतक्या विस्ताराने लिहिले गेले. काळ अखेर वाक्यात आला.

तरीही हे सारे पोटगीच्याच चौकटीत. वाट्याची भाषा ऐकायची तर गोव्यात जावे लागते. 1867ची पोर्तुगीज नागरी संहिता आणि 1910चा घटस्फोटाचा कायदा यांचा वारसा तेथे अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते आणि घटस्फोटात निम्मी-निम्मी वाटली जाते. निम्मे मागणाऱ्या पत्नीला तेथे आपले असामर्थ्य सिद्ध करावे लागत नाही. (संसार चालू असताना त्या मालमत्तेचा कारभार पतीकडेच ठेवणारी तरतूदही त्याच संहितेत आहे, तेव्हा फार हुरळून जायचे कारण नाही.)

उर्वरित देशात पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे विवाहकायदा दुरुस्ती विधेयक राज्यसभेने ऑगस्ट 2013मध्ये संमत केले. लोकसभेत ते पोहोचले, पण 2014मध्ये ती विसर्जित झाल्याबरोबर तेही संपले. पुढे 1 जुलै 2024पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. नाव देशी झाले, 125चे 144 झाले. 'स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ' हे शब्द पत्नीच्या मागे 1973मध्ये होते तेथेच आहेत.