माझगाव गोदीतील दाबकवच आणि सुटकेचा गोल

पाण्यात दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर अंदाजे एक किलोग्रॅम भाराइतका, दाब वाढत जातो. ताडकळस गावच्या शिवारातील दहा मीटर पाण्याच्या विहिरीच्या तळाशी हा नियम जसा लागू पडतो तसाच तो अरबी समुद्रातही पडतो, मात्र तेथे अडीचशे मीटरवर त्या भाराची पंचवीसपट होते. हा भार पेलणाऱ्या पोलादी नळकांड्यास दाबकवच म्हणतात. त्याचा छेद वर्तुळाकार असतो, कारण वर्तुळावर दाब सर्व बाजूंनी सारखा विभागला जातो; पण गोलाई थोडी ढळली किंवा एखाद्या सांध्यात बारीक चीर राहिली, तर तेच कवच अवचित चेपते. पाणबुडी बांधणीतील खरी जोखीम म्हणूनच कागदावरील आराखड्याइतकीच जोडकाम करणाऱ्याच्या हातातही असते.

डिसेंबर 1981 मध्ये भारताने पश्चिम जर्मनीतील कील येथील एचडीडब्ल्यू गोदीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन कीलमध्ये आणि दोन मुंबईच्या माझगाव गोदीत बांधायच्या असे ठरले, आणि त्यासाठी येथील अभियंते व कारागीर कीलला जाऊन ही विद्या शिकून आले. या पाणबुड्यांत एक विलक्षण कल्पना होती: दोन कप्प्यांमधील भिंतीत बसवलेला पोलादी गोल, ज्यात अपघातप्रसंगी चाळीस माणसे शिरून, दार लावून, स्वतंत्र हवेच्या साठ्यावर पृष्ठभागाकडे तरंगत येऊ शकत. आपले कवच कधीतरी हार खाईल हे रचनाकाराने आधीच मान्य करावे, आणि त्या हारीसाठी जागा, वजन व पैसा राखून ठेवावा, यात अभियांत्रिकीचा मोठा प्रामाणिकपणा आहे.

भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शाल्की’ 7 फेब्रुवारी 1992 रोजी नौदलात दाखल झाली, तर ‘शंकुल’ 28 मे 1994 रोजी. त्यानंतर मात्र काम थांबले. करारातील दलालीच्या आरोपांनंतर पुढील दोन नौका बांधल्या गेल्याच नाहीत, आणि फ्रेंच स्कॉर्पीन आराखड्याचा करार होण्यास 2005 साल उजाडले. कष्टाने कमावलेले हात मधल्या काळात पांगले, निवृत्त झाले, आणि ही हानी कोणत्याही हिशेबवहीत नोंदवली जात नाही. स्कॉर्पीन आराखड्याची पहिली नौका ‘कलवरी’ दाखल झाली ती 14 डिसेंबर 2017 रोजी. दुसऱ्या नौकेस शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी तटबंदी उभारलेल्या खांदेरी बेटाचे नाव मिळाले.

कवच हार खाते तेव्हा काय होते हे जून 2023 मध्ये दिसले: टायटॅनिकच्या अवशेषांकडे, सुमारे 3,800 मीटर खोलीवर निघालेली ‘टायटन’ ही छोटी पाणबुडी चेपली आणि पाच जण दगावले. तिचे नळकांडे कार्बनतंतूंचे होते, आणि दाबाच्या वारंवार फेऱ्यांत ते कसे झिजते याचा पुरेसा अनुभव कोणापाशीच नव्हता. खोल समुद्रात माणसे नेण्यासाठीच्या भारताच्या ‘मत्स्य 6000’ या यानासाठी टायटॅनियमचा गोल योजला गेला, तरी त्याआधी ऑक्टोबर 2021 मध्ये चेन्नईजवळ एक पोलादी गोल आत माणूस न बसवता 600 मीटरपर्यंत उतरवून पाहिला गेला. माझगावात बांधलेल्या स्कॉर्पीन पाणबुड्यांत मात्र शाल्कीसारखा सुटकेचा गोल नाही. बुडालेल्या पाणबुडीतून माणसे काढणारे स्वतंत्र बचावयान डिसेंबर 2018 मध्ये मुंबईत नौदलाच्या सेवेत आले.