चिपमध्ये कोरलेली भाषा

१९८२ साली कमोडोर ६४ हा घरगुती संगणक अमेरिकेत ५९५ डॉलरला विक्रीला आला. तो दूरचित्रवाणी संचाला जोडायचा, बटण दाबायचे, की निळ्या पडद्यावर सूचना उमटे: बेसिकसाठी ३८,९११ बाइट मोकळे. कोणती भाषा हवी, असे यंत्र विचारतच नसे. बेसिक ही भाषा कारखान्यातच चिपमध्ये कोरून बसवलेली होती. साहजिकच संगणक म्हणजे बेसिक, अशी अनेकांची समजूत झाली. खरे तर प्रोसेसरला बेसिकही कळत नाही. त्याला कळतात ते फक्त आकडे. बाकी साऱ्या भाषा दुभाष्यामार्फत चालणाऱ्या पाहुण्या.

बेसिक मुळात वाईट नव्हे. केमेनी आणि कुर्ट्झ या डार्टमथ महाविद्यालयातील गणितज्ञांनी ती १९६४ साली, विज्ञान न शिकणाऱ्यांनाही जमावी म्हणून रचली. पण कमोडोरने मायक्रोसॉफ्टकडून जुन्या यंत्रासाठी घेतलेली बेसिकच जवळजवळ तशीच नव्या यंत्रात घातली. यंत्रात चित्रे होती, सोळा रंग होते, एकाच वेळी तीन सूर वाजत होते. भाषेत मात्र त्यांच्यासाठी धड शब्द नव्हते. पडद्याची कड काळी करायची तर लिहायचे ‘पोक ५३२८०,०’. म्हणजे स्मृतीतल्या त्या क्रमांकाच्या कप्प्यात शून्य टाका! दिवा लावण्यासाठी विजेच्या खांबाचा नंबर पाठ असावा, तसला हा प्रकार.

मग लोक दुसऱ्या भाषा शोधू लागले. डेन्मार्कमधील शिक्षक बोर्गे क्रिस्टेन्सन विद्यार्थ्यांच्या बेसिकमधील गुंतवळ्याला कंटाळले होते. १९७०च्या दशकात त्यांनी बेनेडिक्ट लोफस्टेड यांच्यासह बेसिकचा सोपेपणा आणि पास्कलची शिस्त एकत्र करून कोमॅल ही भाषा आखली. मराठी कानाला नाव ‘कोमल’ वाटेल. आणि शिकणाऱ्याशी ती वागेही तशीच. ओळ लिहिताच तिथल्या तिथे चूक दाखवी. पण कमोडोरवर ती डिस्कवरून चढवली, की स्वतःच एवढी जागा अडवी की प्रोग्रॅमसाठी जेमतेम दहा हजार बाइट उरत. पुढे ती कार्ट्रिजमध्ये आली तेव्हा ही अडचण सुटली.

जागेचा प्रश्न सोडवणारी भाषा होती फोर्थ. स्पेक्ट्रम संगणकावर काम केलेल्या दोघा ब्रिटिश तंत्रज्ञांनी, आल्टवॉसर आणि विकर्स यांनी, १९८२ साली ज्युपिटर एस हा संगणक बेसिकऐवजी फोर्थ घालून काढला. अवघ्या तीन किलोबाइट स्मृतीत तो झपाट्याने चाले. तरीही पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली. मासिकांत छापून येणारे बहुतेक प्रोग्रॅम बेसिकमध्ये. शेजाऱ्याला येते तेही बेसिक. एकट्याने शहाणे होणे, माझ्या मते, गिऱ्हाइकाला परवडत नाही.

शहाणपणाची तोड काढली ती बीबीसी मायक्रोने. त्याच्या आत जादा चिपसाठी खोबणी होत्या. लिस्प, पास्कल, फोर्थ, हवी ती चिप बसवा, चांदणीचे चिन्ह टाकून तिचे नाव टंका, की यंत्राची भाषा बदलली. १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून आपल्याकडच्या सुमारे अडीचशे शाळांत जे संगणक गेले, ते हेच.

आज हौशी मंडळी नव्या संगणकावर सी भाषेत प्रोग्रॅम लिहितात, ‘सीसी६५’ या कंपायलरने त्याचे जुन्या यंत्राला कळणारे आकडे करतात आणि कमोडोरवर नेतात. तिथे मात्र आधी तोच निळा पडदा, तेच ३८,९११ बाइट. आणि प्रोग्रॅम सुरू करायला टंकावे लागते ते बेसिकमधलेच ‘रन’!