मक्याची हाक

खुरपायला बसलो की ओल्या पाल्याचा वास येतो, तो आपल्या सगळ्याजणींच्या ओळखीचा. त्या वासातून पीक काही सांगत असतं, असं कुणी म्हटलं असतं तर आपण हसलोच असतो. पण ते सांगणं माणसाला कसं कळलं, त्याची ही गोष्ट.

1988 साली नेदरलँडमध्ये घेवड्याच्या एका प्रकारावर प्रयोग झाले. रस शोषणारे लाल कोळी पानावर चढले, की वेल वेगळा वास सोडायचा. त्या वासावर दुसरे कोळी यायचे आणि लाल कोळ्यांना खायचे.

1990 साली अमेरिकेत टेड टर्लिंग्स, जेम्स टमलिन्सन आणि जो लुईस यांनी मक्याची रोपं घेतली. नुसता ओरखडा काढला तर रोप फारसं बोलेना. ओरखड्यावर अळीची लाळ लावली, तर काही तासांत रोपाने भरपूर वास सोडला. म्हणजे कापलं कुणी आणि खाल्लं कुणी, हे मक्याला कळतं! त्या वासावर एक बारीकशी माशी येते. ती अळीच्या अंगात अंडी घालते, आणि तिची पिल्लं अळीला आतून खाऊन टाकतात. 1997 साली अळीच्या लाळेतला तो पदार्थही सापडला.

त्याच दशकात केनियात जियाउर खान आणि त्यांच्या सोबत्यांनी हे ज्ञान शेतात आणलं. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाचं द्विदल पीक लावलं. त्याच्या वासाने खोडकिड्याचे पतंग दूर पळतात. बांधावर नेपियर गवत लावलं. त्याच्या वासाने पतंग तिकडे जाऊन अंडी घालतात, पण अळ्या गवतात फारशा जगत नाहीत. शिवाय डेस्मोडियममुळे टारफुला कमी झाला आणि दोन्हींचा जनावरांना चारा झाला. नेपियर तर आपल्याही बांधावर आहे.

आता मनाला लागणारी गोष्ट. 2005 साली टर्लिंग्स आणि त्यांच्या सोबत्यांना दिसलं, की मुळं खाणारी अळी लागली की मक्याचं मूळही वास सोडतं. त्या वासावर मातीतले सूक्ष्म कृमी येऊन अळीला मारतात. पण उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक वाणांच्या मुळांना हा वास सोडताच येईना. मक्याच्या रानटी पूर्वजाला मात्र येत होता. वाण निवडताना माणसाने कणीस बघितलं, दाणा बघितला. हाक कुणी बघितलीच नाही.

मैत्रिणींनो, 2018 साली नवी लष्करी अळी आपल्या देशात आली आणि मक्याच्या पोंग्यात शिरली. आपण घाबरून लगेच पंप काढले. पाणी भरलं आपण, डोकं दुखलं आपलं. औषधाने अळी मेली, तशी हाकेला धावून आलेली माशीही मेली. पीक हाक मारत राहिलं आणि यायला कुणी उरलं नाही.

फवारणी कधीच करू नका, असं आम्ही म्हणत नाही. पण पंप उचलण्याआधी एकदा शेतात फिरू या. किती झाडांना अळी आहे ते मोजू या. एखादी अळी सुस्त पडली असेल, तिच्याजवळ पांढरे बारीक कोष दिसले, तर समजायचं, मदत पोचली आहे. आणि घरचं जुनं बियाणं कुणाच्या मडक्यात असेल, तर येत्या बैठकीला मूठभर घेऊन या. त्यात काय काय साठलंय, कोण जाणे!