पदगणक

पदगणक : (पेडोमीटर). चालणाऱ्या व्यक्तीची पावले मोजणारे व त्यांवरून चाललेले अंतर दर्शविणारे उपकरण. ते अंतर प्रत्यक्ष मोजत नाही. पावलांची संख्या व पावलाची सरासरी लांबी यांचा गुणाकार करते. या उपकरणाचे बहुतेक गुणदोष याच गोष्टीतून उद्भवतात.

पावलांनी अंतर मोजण्याची रीत उपकरणाहून फार जुनी आहे. अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर बायटन व डायॉग्नेटस हे पाऊलमोजणीदार होते. रोमन मैल म्हणजे एक हजार दुहेरी पावले. मराठीत रुळलेला ‘मैल’ हा शब्दही इंग्रजीमार्गे हजार या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आहे. व्हिट्रूव्हिअसने वर्णिलेले यंत्र मात्र गाडीच्या चाकाचे फेरे मोजी. पावले मोजणाऱ्या यंत्राचे रेखाटन लिओनार्दो दा व्हींची याच्या कागदांत आढळते. अठराव्या शतकात घड्याळजींनी असे खिशात मावणारे यंत्र तयार केले. त्यात पावलागणिक एक लहान लंबक हले व दंतचक्र एका दात्याने पुढे सरके.

भारतात या मोजणीचा सर्वांत चित्तवेधक उपयोग यंत्राविना झाला. तिबेटात परकीय सर्वेक्षकांना मज्जाव असल्याने कॅप्टन मंगमरी याने कुमाऊँ भागातील नैनसिंग रावत यांस समान लांबीचे पाऊल टाकण्याचे शिक्षण दिले. त्यांच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांस एक मणी ओढला जाई. म्हणजे माळेचा एक फेरा दहा हजार पावलांचा. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात दडविलेले असत. १८६५-६६ मध्ये ल्हासापर्यंत केलेल्या या पायपिटीतून त्या मार्गाचा विश्वसनीय नकाशा प्रथमच हाती आला. नैनसिंगांचे आप्त किशनसिंग यांना पुढील एका प्रवासात घोड्यावर बसणे भाग पडले, तेव्हा त्यांनी घोड्याची पावले मोजली.

महाराष्ट्रात वाटचाल कोस, मजल व मुक्काम यांत सांगितली जाई. वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तातील जग हेच आहे. आळंदी ते पंढरपूर ही सु. २५० किमी.ची वारीही मुक्कामांनीच मोजली जाते.

सहलीतील चालणे मोजण्याचा छंद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अधिक पसरला. टोकिओ ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केइ’ (दहा-हजार-पावले-मापक) या नावाने एक पदगणक विक्रीस आला. दहा हजारांचे लोकप्रिय उद्दिष्ट या विक्रीच्या नावातून पसरले. वैद्यकीय संशोधनाने ते ठरविलेले नव्हते. वृद्ध स्त्रियांच्या २०१९ च्या एका अमेरिकन पाहणीत मृत्यूचे प्रमाण सु. ७,५०० पावलांपर्यंत घटत गेलेले आढळले. त्यापुढे विशेष फरक दिसला नाही. भ्रमणध्वनींतील नोंदींवर आधारलेल्या २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात भारतीयांची दैनिक सरासरी ४,२९७ पावले भरली. अर्थात हे आकडे भ्रमणध्वनी बाळगणाऱ्यांचेच होत. शेतमजूर स्त्रीची पावले त्यांत अभावानेच असणार.

अलीकडच्या मनगटी साधनांत लंबकाऐवजी त्वरणमापक असतो. फार सावकाश चालणाऱ्याची पावले त्यातून निसटतात, तर हाताच्या हालचाली कधीकधी पावले म्हणून नोंदल्या जातात. पावलाची लांबी ६५ ऐवजी ७५ सेंमी. धरली, तर दहा हजार पावलांमागे एक किमी.ची चूक होते. चढउतारावर पाऊल आखूड पडते, त्यामुळे डोंगरी सहलीत ही चूक वाढते.

या साधनाची खरी कसोटी पाहावयाची झाल्यास माथेरानइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये निवडलेल्या या गिरिस्थानी मोटारींना बंदी आहे. त्या दस्तुरी नाक्याशीच थांबतात. बदलापूरच्या मांजर्लीसारख्या वस्तीतून निघालेला प्रवासी उपनगरी गाडीने वांगणी व शेलू मागे टाकून नेरळला उतरतो. दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंतच्या सु. अडीच किमी. वाटेत ६५ सेंमी.च्या पावलाने ३,८५० च्या आसपास पावले पडतात. पुढे निरनिराळ्या पॉइंटांची भटकंती धरता दिवसाचा आकडा सहज दहा हजारांपलीकडे जातो. घरी परतल्यावर तो टिकत नाही, म्हणून सहलीच्या आकड्यावरून कोणाच्या चालण्याच्या सवयीचा अंदाज बांधणे योग्य नव्हे.

माथेरानात घोड्यावर बसलेल्याच्या मनगटावरही पावले वाढू शकतात. किशनसिंगांनी जाणून केलेली गणना येथे अजाणता घडते. हातरिक्षात बसलेल्याचा आकडा मात्र फारसा वाढत नाही. चढणीवरील ती सर्व पावले ओढणाऱ्यांची असतात व प्रवाशाच्या सहलीच्या हिशेबात ती कोठेच येत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे विजेवरील रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षांची प्रथा मानवी प्रतिष्ठेस बाधक ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा व ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश राज्य शासनास दिला.