पाल्याची पुडी आणि डॉक्टरांची गोळी

परवा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता त्याचीही पन्नाशी उलटली आहे. चहा बिनसाखरेचा मागितला, तेव्हाच ओळखले. मग पिशवीतून एक बाटली काढून त्याने माझ्यापुढे ठेवली. कारले, जांभळाचे बी, मेथी, गुडमार. "सर, डॉक्टरांच्या गोळीबरोबर हे चालेल ना? झाडपाल्याचेच आहे."

मी इतिहासाचा मास्तर, वैद्य नव्हे. पण या प्रश्नाचे उत्तर मी एकदा स्वतःच्या जिवावर शिकलो आहे. म्हणून हे लिहितो.

आधी थोडा इतिहास. मधुमेह आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, ही खूणही नोंदवली आहे. सुश्रुताने जन्मजात आणि अपथ्याने होणारा असे दोन भेद केले. लघवीत साखरच असते हे इंग्लंडात मॅथ्यू डॉब्सनने दाखवले ते १७७६ मध्ये.

आमच्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आयुर्वेदाची जुनी परंपरा आहे. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली इथे आयुर्वेद महाविद्यालय काढले. त्यांच्या ग्रंथाचे नाव 'औषधी गुणधर्म शास्त्र'. या नावातच सगळे आले. औषधाला गुणधर्म असतो, म्हणून त्याला मात्रा असते, पथ्य असते आणि ते कोणाला द्यायचे नाही याचाही विचार असतो. "झाडपाला आहे, घ्या बिनधास्त" हे शास्त्र नव्हे, बाजार आहे.

गुडमार म्हणजे आपला बेडकीचा पाला. तो चावला की काही वेळ जिभेला साखर मातीसारखी लागते. १९३० साली म्हसकर आणि कायस या दोघांनी या पाल्यावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी गोळ्या चालू असलेल्या २२ रुग्णांना गुडमारचा अर्क दीड वर्षाहून जास्त काळ दिला. बऱ्याच जणांच्या गोळ्या कमी करता आल्या, पाच जणांच्या तर बंद झाल्या. प्रयोग लहानच, पण त्यातली मेख पहा. साखर वारंवार तपासली जात होती, म्हणून गोळी कमी करता आली. न तपासता, न सांगता पाला आणि गोळी दोन्ही पूर्ण घेतली तर काय होईल?

काय होईल ते मी २००६ साली पाहिले.

तेव्हा नोकरी चालू होती आणि सकाळी ग्लिबेनक्लामाइडची गोळी होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही. एका नातेवाइकाने बेडकीच्या पाल्याची पूड दिली. सकाळी एक चमचा पूड, वर पेलाभर कारल्याचा रस. तीन आठवडे झाले आणि एका गुरुवारी उपवास. गोळी, पूड, रस सगळे वेळेवर. पोटात मात्र एक केळे.

चौथा तास, नववीचा वर्ग. फळ्यावर सनावळी लिहीत होतो. हात थरथरू लागला, सदरा घामाने भिजला. १८५७ च्या जागी काहीतरी भलतेच लिहिले. मुले हसली, मी त्यांच्यावर ओरडलो आणि खुर्चीत कोसळलो. पुढच्या बाकावरचा एक मुलगा धावत शिक्षकांच्या खोलीतून चहाची साखर घेऊन आला. त्याच्या घरी आजोबांना असेच होत असे. दवाखान्यात मोजली तेव्हा, साखर खाल्ल्यानंतरसुद्धा, ५८ भरली. ७० च्या खाली गेली की धोका.

डॉक्टरांनी विचारले, "गुरुजी, आणखी काही घेता का?" मी म्हणालो, "काही नाही." मला ते खोटे वाटलेच नाही! पाला म्हणजे काय औषध? संध्याकाळी आमच्या सौ.नी पुडी नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

दोष एकट्या पाल्याचा म्हणणार नाही. उपवास होता, गोळी होती. पण तिन्हींचा हिशेब एका ठिकाणी कुणाकडेच नव्हता. १९७९ साली 'लॅन्सेट'मध्ये एका बाईंची हकीकत आली होती. जेवणातल्या कारल्याने त्यांच्या मधुमेहाच्या गोळीचा परिणाम वाढला होता. कारले मराठी माणसाच्या ताटातले, म्हणून ते गोळीच्या वाटेला जात नाही असे नाही.

आणखी एक गंमत. आज सर्वांत जास्त दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी, तिचे मूळही एका झुडपातच आहे. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती आहे, जनावरांना विषारी. तिच्यातल्या द्रव्याच्या जातीची रसायने शोधताना १९२२ साली मेटफॉर्मिन बनले आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरून दाखवले. पाला आणि गोळी यांत वैर नाहीच. फरक आहे तो मोजमापाचा.

आणि बाटलीत काय भरले आहे याचाही भरवसा हवा. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधे तपासली. सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले.

विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले. ही बाटली लेबलासकट डॉक्टरांपुढे ठेव. गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस. डॉक्टर हो म्हणाले तर एका वेळी एकच नवी वस्तू सुरू कर आणि घरी साखर मोजून वहीत लिही. मूत्रपिंडाची तपासणी चुकवू नकोस, ऑपरेशन ठरले तर हेही सांग. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे ते आधीच विचारून ठेव. खिशात साखर ठेव. घाम सुटला, थरथर झाली तर तीन चमचे खा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोज.

त्याने बाटली पिशवीत टाकली. जाताना म्हणाला, "डॉक्टर रागावले तर?"

रागावू देत. मी वीस वर्षे शाळेत मुलांना सांगत होतो की इतिहासात पुरावा लपवू नये. स्वतःच्या पोटातला पुरावा मात्र मी लपवला होता. असो.