सळई, तार आणि नळी : सायकलच्या ब्रेकची गोष्ट

श्रोतेहो, आजचा विषय फलकावर लागला तेव्हा वाटेत दोघातिघांनी आम्हाला थांबवून विचारलं, सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता सायकलचे ब्रेक कुठून काढलेत? काढले नाहीत हो, घरात आले. आमचा नातू पुण्याला शिकतो. तिथे त्याला ट्रायल्सचा नाद लागला. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. दगड, ओंडके, कठडे यांवरून सायकल उड्या मारत न्यायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. लावला की दंडाचा गुण. मोटारसायकलवरचा हा जुना खेळ स्पेनमधल्या पोरांनी सायकलवर आणला आणि १९८६ पासून त्याच्या जागतिक स्पर्धाही होतात. सुट्टीत वाडीला आला की हा आमच्या परसात, पडक्या भिंतीच्या काळ्या दगडांवर उड्या मारत असतो. घाटाच्या पायऱ्यांवर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिथे आम्हीच जाऊ दिलं नसतं.

या खेळात मागचा ब्रेक दाबून मागच्या एका चाकावर उभं राहावं लागतं. ते चाक बोटभर जरी फिरलं तरी माणूस पाठीवर पडतो. गेल्या दिवाळीत हा तसाच पडला, मनगट प्लास्टरमध्ये गेलं. प्लास्टर निघाल्यावर म्हणाला, "आबा, ब्रेकची नळी बदलायची आहे. प्लास्टिकची काढून पोलादी जाळीची घालायची." रक्कम सांगितली तीन हजारांच्या पुढची. निवृत्तिवेतनातून द्यायला हरकत नव्हती. पण त्याचं मनगट नळीमुळे मोडलं का, हा प्रश्न आम्हाला सुटेना. म्हणून थोडं मागे जाऊन पाहिलं.

आपल्या भागातल्या सायकलची गोष्ट बेळगावपासून सुरू करायला हवी. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे भावाबरोबर सायकलचं दुकान काढलं. नांगर, कडबा कापायची यंत्रं, किर्लोस्करवाडी हे सगळं त्याच्या नंतरचं. गंमत म्हणजे त्याच वर्षी डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. तोवरचा ब्रेक म्हणजे पुढच्या टायरवर वरून दाबायचा एक चमचा. भरीव रबरावर तो चालून जाई. हवेच्या टायरवर मात्र तो टायरच खायला लागला. मग ब्रेक टायर सोडून रिमकडे गेला, आणि तिथे हाताचा जोर पोचवायचा कसा, हा प्रश्न उभा राहिला. पुढची सगळी कथा या पोचवण्याची आहे.

पहिलं उत्तर सळयांचं. आमच्या पिढीला ते सांगायला नको. मूठ ओढली की सळई वर जाते आणि दोन रबरं रिमच्या आतल्या अंगाला, म्हणजे हबच्या बाजूने, चिकटतात. मागच्या चाकाला तेच, फक्त मध्ये दोनतीन सांधे. मद्रासची टीआय १९४९ ची, सोनिपतची अ‍ॅटलस १९५१ ची, लुधियानाची हिरो १९५६ ची; या कारखान्यांच्या काळ्या, अठ्ठावीस इंची सायकली अशाच होत्या. दूध त्यांच्यावरून गेलं, उसाच्या मोळ्या गेल्या, आमच्यासारखे शिक्षकही गेले. बिघाड झाला तर पक्कड आणि हातोडीवर काम भागे.

आता नीट ऐका, कारण आमच्या मुद्द्याची किल्ली इथे आहे. सळई फुगत नाही. ती ताणत नाही म्हटलं तरी चालेल. सांध्यांतला ढिलेपणा सोडला तर हाताचा जोर नेण्याचं इतकं ताठ साधन सायकलवर पुन्हा आलं नाही. आणि ब्रेक कसा लागायचा? कॉलेजात असताना एका श्रावणात नदीकडच्या उतारावर आम्ही दोन्ही मुठी जीव खाऊन आवळल्या आणि तसेच सरळ उसाच्या गाडीच्या मागच्या फळीवर गेलो. गाडीवानाने आधी बैलांची चौकशी केली, मग आमची! सळई ताठच होती. पण मुलामा दिलेली पोलादी रिम पावसात भिजली की तिच्यावरून रबर नुसतं सरकतं. जोर पोचला होता. पकड नव्हती.

दुसरं उत्तर तारेचं. बोडेन नावाच्या गृहस्थांनी १८९६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आत तार, बाहेर गुंडाळीचं वेष्टण. तार ओढली जाते, वेष्टण रेटा झेलतं. तार वळणावरून नेता येते, ही मोठी सोय. पण तार ताणते, वेष्टण दबतं, आत गंज धरतो. म्हणजे पोचवण्याचं साधन सळईपेक्षा मऊ झालं. तरी पुढे तारेची सायकल पावसात चांगली थांबू लागली, ती रिम अ‍ॅल्युमिनियमची झाल्यावर.

तिसरं उत्तर द्रवाचं, आणि इथे आमचा जुना सोबती भेटतो. पास्कल वर्गात शिकवला तो श्रद्धा आणि पैज यांवरून. त्याच माणसाचा द्रवांच्या समतोलावरचा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. यावर मोटारीचा ब्रेक उभा राहिला. लॉकहीड यांचं पेटंट १९१७ चं आणि १९२१ च्या ड्युसेनबर्ग गाडीत तो चारही चाकांना आला. मोटारवाल्यांनी सांगाड्यावरून धातूची नळी नेली आणि चाक हलतं तेवढ्यापुरताच रबरी होज ठेवला. सायकलला १९८७ मध्ये जर्मनीच्या मागुराने रिमवरचा तेलाचा ब्रेक आणला. ट्रायल्सवाले आजही त्याला धरून आहेत. त्याची नळी मात्र पूर्ण लांबीची प्लास्टिकची.

ती फुगते का? फुगते, यात वाद नाही. पण फुगल्याने बिघडतं काय ते पाहा. पास्कलचा नियम नळी मऊ आहे की कडक, हे विचारत नाही. मूठ खोलवर जाते, एवढंच. ती हँडलला टेकली नाही तोवर रिमवरचा दाब बोटांच्या जोराएवढाच राहतो. म्हणजे जाळीच्या नळीने मुठीचा स्पर्श बदलतो, पकड वाढत नाही.

मग मूठ मऊ का लागते? नातवाबरोबर वही घेऊन बसलो. नळीत तेल चार-पाच घन सेंटीमीटर. पन्नास वातावरणांचा दाब धरला तर ते दबतं शेकड्याला सुमारे ०.३, म्हणजे ०.०१५ घन सेंटीमीटर. तुरीच्या दाण्याएवढी हवा आत राहिली असेल तर ती जवळजवळ सगळीच दबते आणि एकटी याच्या चौपट जागा खाते. आणि मागचा चिमटा? पिस्टनचं तोंड दोन चौरस सेंटीमीटर धरा. चिमटा दोन्ही अंगांना अर्धा-अर्धा मिलिमीटर फाकला की ०.२ घन सेंटीमीटर तिथेच गेलं. त्याला मूठ दाबायला लावून आम्ही चष्मा सावरून पाहिलं. चिमटा डोळ्यांना दिसेल इतका फाकत होता.

"पण आबा, ज्यांनी नळी बदलली ते सगळे म्हणतात फरक पडला." खरं आहे, पडतो. पण नवी नळी घालताना जुनं तेल जातं, नवं भरावं लागतं आणि अडकलेली हवा निघते. न्यायदर्शनात याला अन्यथासिद्ध म्हणतात. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या भाषापरिच्छेदात त्याचे पाच प्रकार आहेत, आणि शेवटच्या प्रकाराचं उदाहरण आहे कुंभाराचं गाढव. घडा होण्याआधी तेही तिथे होतं, माती त्याच्याच पाठीवरून आली. म्हणून ते घड्याचं कारण ठरत नाही. नळी तशीच ठेवून फक्त हवा काढून बघ, असं आम्ही सांगितलं. दुपारभर तो सिरिंज घेऊन बसला. मूठ निम्म्याने कडक झाली, असं तोच म्हणाला. खर्च तेलाचा.

मग क्रम लागला. चिमट्याला आडवी, घोड्याच्या नालेसारखी पट्टी असते, ती फाकणं रोखते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून तशी कापून घेतली. मऊ रबरं घातली. रिम ग्राइंडरने खरखरीत केली. हे पाहून आमच्या काळजात धस्स झालं, पण ट्रायल्सवाले तसंच करतात. त्या रिमवर ब्रेक लागला की परसातून जी किंकाळी येते, तिने शेजारची म्हैस बुजते. पण चाक जागचं हलत नाही. भिजलेल्या पोलादी रिमची परतफेड साठ वर्षांनी झाली म्हणायची.

नळीचं दुसरं अंग न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. इथल्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांना विचारा, ट्रॉली उचलणारा होज ते तारेच्या जाळीचाच घेतात. तिथे दाब मोठा, आणि घासून नळी फाटली की ट्रॉली खाली. ट्रायल्सची सायकलही दिवसातून वीसदा दगडावर आपटते. प्लास्टिकची नळी दगडाच्या धारेने कापली गेली तर तेल जातं, आणि दाब एकदम शून्य. तेव्हा स्पर्शासाठी नव्हे, पण कापली जाऊ नये म्हणून जाळी, हा युक्तिवाद आम्हाला मान्य आहे.

आणि झालंही तसंच. मेच्या सुट्टीत नळीला दगडाने खाच पाडली. तेल सांडायच्या आत त्याच्या लक्षात आलं, हे नशीब. या वेळी आम्ही काही न विचारता पैसे दिले. मूठ आधीपेक्षा वेगळी लागते का, असं विचारलं तर म्हणाला, "थोडीशी. बहुतेक." आता ती पोलादी जाळी चिमट्याचा रंग खरवडते, म्हणून आमच्या जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिथे गुंडाळला आहे.

पालखीची वेळ होत आली. प्रश्न असतील तर दोनच घेऊ.