दोन कॅचर, एकच टीम

आज बेसबॉल. नियम माहीत नसले तरी टेन्शन नको. बॅटरच्या मागे बसून पिचरचा बॉल पकडतो तो कॅचर, आपल्या विकेटकीपरसारखा. फरक एवढाच, की 1884 मध्ये जाड ग्लोव्ह नव्हते. कुणी पातळ हातमोजे घालायचे, कुणी चक्क उघड्या हातांनी बॉल घ्यायचे. बोटं सारखी मोडायची, म्हणून प्रत्येक टीमला बॅकअप लागायचाच.

त्या वर्षी ओहायोतली टोलेडोची टीम अमेरिकन असोसिएशन या मोठ्या लीगमध्ये आली. कॅचर होता मोझेस फ्लीटवूड वॉकर. वय 27, कॉलेजात शिकलेला, कृष्णवर्णीय. जूनमध्ये त्याच्या जोडीला आला जिम मॅग्वायर. वय 20, गोरा.

आदल्याच वर्षी शिकागोचा कॅप्टन कॅप अ‍ॅन्सन अडून बसला होता: वॉकर मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही. खरंतर वॉकर जखमी होता, त्या दिवशी बसणारच होता. पण मॅनेजर चार्ली मॉर्टनने त्याला मुद्दाम उतरवलं, आणि अ‍ॅन्सनला मुकाट्याने खेळावं लागलं.

1884 मध्ये तर त्याचाच पिचर टोनी मुलेन त्याचे इशारे पाळत नव्हता. हे मुलेनने नंतर स्वतःच कबूल केलं. विचार करा, कुठला बॉल येणार हे माहीत नाही आणि तो पकडायचाय!

तरीही वॉकरची 42 सामन्यांत बॅटिंग सरासरी .263. मॅग्वायरची 45 सामन्यांत .185. जुलैमध्ये वॉकरची फासळी मोडली, सप्टेंबरमध्ये टीमने त्याला सोडलं. तिथे कारण दुखापत होती, हे मान्य.

पण पुढचं बघा. .185 वाल्या मॅग्वायरला पुढच्याच वर्षी डेट्रॉईटने घेतलं, मग फिलाडेल्फियाने. असं करत तो मोठ्या लीगमध्ये 26 सीझन खेळला, शेवटचा सामना 1912 मध्ये. वॉकरही 1889 पर्यंत खेळत होता, पण छोट्या लीगमध्येच. त्यातल्याच इंटरनॅशनल लीगने 1887 मध्ये ठरवलं, की कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत. मोठ्या लीगचं दार थेट 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी उघडलं.

मॅग्वायरने मेहनत केलीच, त्यात वाद नाही. पण पहिला सीझन फसल्यावर त्याला पुन्हा बोलावणारं कुणीतरी होतं. वॉकरला नव्हतं. पुढच्या वेळी कुणाचं लांबलचक करिअर बघाल, तेव्हा त्याला दुसरा चान्स कुणी दिला तेही शोधा.

चला, भेटू पुढच्या भागात!